मावशीचा धुरा आणि उत्तरेला सरकणारा भारत

भारत उत्तरेला सरकतो आहे हे मी गावाला सांगितलं, आणि त्यामुळे एका बाईची तुरीची चार तासं शेजाऱ्याच्या वावरात गेली.

तास म्हणजे पिकाची ओळ. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी हे सांगून ठेवतो. घड्याळाशी त्याचा संबंध नाही. आमच्या गावाचाही घड्याळाशी फारसा नव्हता. दारव्ह्याहून येणारी काळीपिवळी जीप आली की सकाळ झाली असं धरायचं, आणि ती भरल्याशिवाय परत निघत नसल्यामुळे सकाळ कधीकधी दुपारी दोनपर्यंत चालायची. त्या गावातल्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. वय तीसच्या आत, चष्मा नवा, आणि आपल्याला सगळं समजावून सांगता येतं असा एक गैरसमज यवतमाळहून येताना सोबत आणलेला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्यांच्याबद्दल शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे, त्यात भर घालायची माझी लायकी नाही. मला आठवतात त्या पांढऱ्या जीपा. आठवड्यातून एक तरी यायची, आणि तिच्यातून उतरलेला माणूस शेतकऱ्याला काहीतरी समजावून सांगायचा. बियाणं, फवारणी, ध्यानधारणा, गांडूळ. गांडुळावर तर तीन वेगवेगळी माणसं बोलून गेली. लोक मुकाट ऐकायचे आणि जीप दिसेनाशी झाली की म्हणायचे, "चांगला बोलला बिचारा."

मग तालुक्याहून निरोप आला की शिक्षकांनीही गावात बसून दोन शब्द बोलावेत, लोकांचं मन रमवावं. मुख्याध्यापकांनी दारूबंदी घेतली. दुसऱ्या सरांनी बचत घेतली. माझ्या वाट्याला गांडूळ येत होतं. मी म्हणालो, "सर, मी भूपट्ट सरकण्यावर बोलतो."

मुख्याध्यापकांनी यादीवरचं पेन उचललं. "त्यानं मन रमेल?"

"सर, आपल्या पायाखालची जमीन चालते आहे हे कळल्यावर माणूस बाकी सगळं विसरतो."

एवढं एक भाकीत माझं खरं ठरलं. लोक बाकी सगळं खरंच विसरले.

मार्चमधली संध्याकाळ. शाळेचा व्हरांडा. मी तयारी जोरदार केली होती. पृथ्वीचं कवच अखंड नसून त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, खालचा तापलेला खडक अगदी सावकाश वर येतो, आडवा पसरतो, थंडावून पुन्हा खाली जातो, आणि वरचे तुकडे त्या हालचालीत ओढले जातात, हे फळ्यावर काढून दाखवलं तर गांडुळासारखंच व्हायचं. म्हणून मी प्रयोग ठरवला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून मोठी गंज मागितली आणि म्हणालो, "मावशी, हिच्यात दाट वरण पाहिजे. आणि दोन मोठे भाजलेले पापड."

मावशी चाळिशीच्या. नवरा दारव्ह्याला जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी. शाळेतली खिचडी त्या अशी करायच्या की तपासणीला आलेले साहेब दोनदा तपासायचे. त्यांनी विचारलं, "कायले?"

"मावशी, वरण म्हणजे पृथ्वीच्या पोटातला खडक. पापड म्हणजे भारत."

"दुसरा पापड?"

"तो आशिया."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि वरण केलं. शाळेची डाळ मोजून येते, तिला हात लावता येत नव्हता. म्हणून डाळ त्यांनी घरची आणली. ती डाळ कोणत्या तासांची होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे ठाऊक झालं, आणि अजूनही वरण खाताना मधूनच आठवतं.

प्रयोग सुरुवातीला इतका छान झाला की मीच चकित झालो. गंजेखाली तीन विटांची चूल, वरण मधोमध वर येऊन कडेला पसरत होतं, आणि भारताचा पापड खरोखरच आशियाच्या दिशेने निघाला. माणसं उठून गंजेभोवती जमली. मी टिपेला पोचलो होतो. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला हा भूपट्ट दक्षिणेत कुठेतरी होता! तिथे जमीन उलली, लाव्हा वर आला, थरावर थर बसले! त्याच खडकाची झीज होऊन झाली आपली काळी जमीन! म्हणजे तुमच्या वावरात कापूस येतो तो आगीच्या राखेत येतो!"

"म्हणूनच जळून राह्यला," मागून एकजण म्हणाला.

"आणि सरकत सरकत तो आशियाला जाऊन भिडला! दोघंही हटेनात, मग मधली जमीन चुरगाळून वर आली, तो हिमालय! आणि ते अजून थांबलेलं नाही! आजही, आत्ता, या क्षणी आपण सरकतो आहोत!"

या क्षणी भारताचा पापड वाफेने मऊ झाला, त्याची एक कड खाली वाकली आणि सबंध देश वरणात गेला. चार सेकंदांनी आशियाही गेला.

"बुडाले दोन्ही," कोणीतरी शांतपणे सांगितलं. एका म्हाताऱ्याने पळीने दोन्ही खंड वर काढले, चाखले आणि जाहीर केलं, "मीठ कमी हाय." मग कोणी भाकरी आणली, कोणी ठेचा आणला, आणि माझं व्याख्यान हे एक छोटं जेवण झालं. त्या गडबडीत माझ्या कागदावरचं शेवटचं वाक्य बोलायचं राहून गेलं. मला ते फारसं महत्त्वाचंही वाटलं नाही.

जेवताना एकच माणूस प्रश्न विचारत होता. ते माझे घरमालक. मी त्यांना काकाजी म्हणायचो. त्यांच्या अंगणातल्या खोलीत मी राहायचो, त्यांच्याच घरी दोन्ही वेळ जेवायचो, आणि काकूंच्या हातची पाटोडी खाऊन माझं वजन त्या वर्षी वाढलं होतं. काकाजी बोटं चाटत म्हणाले, "मास्तर, सरकून राह्यला म्हणता, तं कोनीकडे?"

शिक्षकाला असा विद्यार्थी मिळाला की तो आंधळा होतो. मी म्हणालो, "उत्तरेकडे, काकाजी. किंचित पूर्वेला कलून, पण मुख्य उत्तरेकडेच."

"अन् किती?"

"फार नाही. आपलं नख वाढतं ना, साधारण त्या वेगानं. वर्षाला तीन बोटं धरा."

"तीन बोटं," काकाजी म्हणाले, आणि स्वतःची तीन बोटं जोडून त्यांच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, माणूस विश्वाच्या विचारात बुडाला.

काकाजी आणि मावशी हे वावराचे शेजारी. दक्षिणेला काकाजींचं मोठं वावर, उत्तरेला मावशींचं दीड एकर, आणि त्याच्या पलीकडे नाला. मावशींच्या सासऱ्याने काकाजींच्या वडिलांकडे वर्षानुवर्षं सालदारी केली आणि शेवटी त्यांच्याकडूनच ते दीड एकर घेतलं. त्याला चाळीस वर्षं झाली होती. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून हद्दीचा गोटा पुरला होता. ते दीड एकर बहुतेक बरड, म्हणजे मुरमाड. फक्त दक्षिणेच्या काठाला, काकाजींच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, काळ्या खोल मातीची एक पट्टी होती. ओल तिथे संक्रांतीपर्यंत टिकायची. मावशी त्या पट्टीत दरवर्षी तुरीची चार तासं पेरायच्या. कापूस आला काय, गेला काय, त्या चार तासांवर त्यांच्या घरची वर्षाची डाळ निघायची.

आता, धुरा कोरणं हा आमच्याकडचा जुना खेळ आहे. वखर फिरवताना बैल थोडा आत घालायचा, चार बोटं धुरा खायचा, पुढच्या वर्षी शेजाऱ्याने तो परत खायचा. दोघंही कोरतात, दोघांनाही माहीत असतं, आणि पोळ्याला दोघं एकमेकांच्या बैलाला पुरणपोळी चारतात. पण गोट्याला कोणी हात लावत नाही. गोटा हलवणं म्हणजे भांडण नव्हे, वैर.

एप्रिलमध्ये काकाजींनी गोटा हलवला. चार तासं उत्तरेला. आधीच्या तुरीचे खुंट वखरून साफ केले आणि नवा धुरा असा नीट घातला की पाहणाऱ्याला वाटावं, जन्मापासून इथेच आहे.

मला हे कळलं ते खिचडीच्या चुलीपाशी. सकाळची शाळा होती. मावशी तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, तुमी त्या दिवशी काय सांगतलं होतं?"

मी खुशीत आलो. "कशाबद्दल मावशी? हिमालय? लाव्हा?"

"जमीन सरकते म्हणून सांगतलं का नाही?"

"सांगितलं ना!"

"उत्तरेले?"

"उत्तरेला."

"भाऊनं गोटा उचलून माह्या वावरात रोवला. मी इचारलं, हे काय होय? तं म्हणते, मी कायले आणू, मास्तरले इचार. वावर उत्तरेले सरकलं, गोटा मागं राह्यला. मी फक्त गोटा पुढं नेला." मावशींनी एक खडा उचलून फेकला. तो माझ्या पायाशी पडला, हा योगायोग असावा. "मी म्हणलं, मंग मी कुठं जाऊ? तं म्हणते, तू बी सरक. तुह्या पुढं नाला हाय."

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. काकाजींची ती युक्ती इतकी देखणी होती की क्षणभर मला विद्यार्थ्याचं कौतुक वाटलं. मग मावशींचा चेहरा पाहिला.

"हासा," त्या म्हणाल्या. "मिरगात पेरणी हाय. तवापर्यंत गोटा तिथंच राह्यला तं तो तिथलाच होते. मंग माह्या घरी वरण नाही. अन् तुमच्या भारताले बी वरण नाही."

"मावशी, मी काकाजींशी बोलतो."

"आजच?"

"आजच."

आजच म्हणजे दुपारी जेवताना. काकूंनी ज्वारीची गरम भाकरी वाढली, वांग्याचं भरीत वाढलं, वर कच्चं तेल सोडलं. मी घसा साफ करून म्हणालो, "काकाजी, तो गोटा..."

"आता मास्तर, हिशेब तुमचाच हाय," काकाजी आनंदाने म्हणाले. "साली तीन बोटं. चाळीस साल. एकशेवीस बोटं होते का नाही?"

"होतात, पण..."

"भूगोल तुमचा, गणित माह्यं. चुकलं का?"

गणित चुकलं नव्हतं. मी मनात मोजलं. एकशेवीस बोटं म्हणजे दोन मीटर, म्हणजे फार तर दोन तासं. मला एकदम हुरूप आला. "काकाजी! पण मग दोनच तासं झाली! तुम्ही तर चार नेलीत!"

काकाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "दोन सावकाश सरकले. दोन त्या लातूरकडच्या हादऱ्यानं गेले. त्या दिवशी आमच्या फळीवरचे भांडे नव्हते पडले?"

"पडले होते," काकू आतून म्हणाल्या. "पितळी डबा चेपला."

डबा पुरावा म्हणून बाहेर आला. चेपलेला होता. मी तो हातात घेऊन पाहिला, आणि त्यात मला आणखी एक भाकरी वाढली गेली. जेवण संपलं तेव्हा मी काकाजींशी भूकंपाच्या लहरींबद्दल बोलत होतो. गोट्याचा विषय कुठे सुटला ते आठवत नाही. माझ्या भित्रेपणाला पोटभर जेवण फार मानवतं.

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढताना मावशींनी मला सगळ्यात शेवटी वाढलं. गंजेच्या बुडाची, करपलेली.

मग मी ठरवलं, बोलून काम होत नाही, मोजून दाखवू. शाळेतला रस्सीखेचेचा दोर घेतला आणि भर उन्हात एकटाच वावरात गेलो. योजना अशी, की नाल्यापासून धुऱ्यापर्यंत मोजायचं आणि सात-बाराशी ताडून पाहायचं. आता रस्सीखेचेचा दोर हा ओढण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून तो ओढला की वाढतो, हे सांगायला भूगोलाचा शिक्षक लागत नाही. पहिल्या वेळी मावशींचं वावर कमी भरलं, दुसऱ्या वेळी जास्त, आणि तिसऱ्या वेळी नाल्याच्या पलीकडे गेलं.

त्यातच एप्रिलची काळी जमीन. आमच्याकडे उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. दोर ताणत मी मागे मागे चालत होतो, आणि माझी उजवी चप्पल अशा एका भेगेत गेली. आधी अर्धी. ती काढायला वाकून मी जरा हलवली, तर पूर्ण गेली. मी पोटावर झोपून भेगेत हात घातला. वरून आवाज आला.

"मास्तर, कोनाले शोधून राह्यले?"

काकाजी. त्यांच्या मागे आणखी चारपाच माणसं, जीप गेल्यावर रिकामी असलेली.

"चप्पल गेली, काकाजी."

काकाजींनी भेगेत डोकावून पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पाहा. भाषण ऐकूनही तुमाले पटत नव्हतं. मास्तरची चप्पल घेऊन गेली जमीन. उत्तरेले."

काळी जमीन उन्हात वाळून आकसते म्हणून ती भेग, तिचा भूपट्टाशी काडीचा संबंध नाही, हे मी एका पायावर उभा राहून सांगितलं. एका पायावर उभ्या माणसाच्या विज्ञानावर कोणी विश्वास ठेवत नाही. संध्याकाळपर्यंत सबंध गावात झालं, की मास्तरने स्वतः पडताळा घेतला आणि पक्कं निघालं. म्हणजे माझ्या व्याख्यानाने मावशींचं जे नुकसान करायचं राहिलं होतं, ते मी चप्पल गमावून पूर्ण केलं.

मावशींनी मग माझा नाद सोडला आणि स्वतःच पाच माणसं बोलावली. रविवारी सकाळी, शाळेच्याच व्हरांड्यात. सरपंचबाई शेजारच्या तांड्यावरून आल्या. दोन म्हातारे, त्यातला एक तो मीठ कमी सांगणारा. काकाजी पांढरं धोतर नेसून. मी एका कोपऱ्यात खुर्चीत, नव्या चपला घालून.

काकाजींनी आपली बाजू मांडली. पापड, तीन बोटं, चाळीस वर्षं, पितळी डबा, चप्पल. क्रमवार, एकही मुद्दा न सोडता. माझ्या सातवीच्या वर्गात इतकं नीट उत्तर कोणी दिलं नव्हतं. "मी चोर नाही," ते शेवटी म्हणाले. "शिकलेल्या माणसानं सांगतलं ते केलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरपंचबाई म्हणाल्या, "गुरुजी, जमीन सरकते हे खरं का खोटं?"

आता खोटं म्हणावं तर विज्ञान बुडतं, खरं म्हणावं तर मावशी बुडतात, आणि काही न म्हणावं तर निदान संध्याकाळचं जेवण चुकत नाही. मी म्हणालो, "तसं पाहिलं तर खरं आहे, पण त्याचा अर्थ असा की एका दृष्टीनं..." आणि तिथेच अडकलो. माझ्या कागदावर जे शेवटचं वाक्य होतं, नेमकं ते मला आठवेना.

मावशी उठल्या. काकाजींकडे न पाहता माझ्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, मी इचारतो तेवढंच सांगा. जास्ती बोलू नका. जमीन सरकते तं भाऊचं वावर सरकते?"

"हो."

"माह्यं?"

"तुमचंही."

"नाला?"

"नालाही."

"हे शाळा? दारव्हा? यवतमाळ?"

"सगळंच. कळंब, उमरखेड, सगळं."

"कमी-जास्ती, का सारखं?"

काकाजी माझ्याकडे पाहत होते. व्हरांड्याच्या पायरीखाली काकूही येऊन उभ्या होत्या. माझ्या डोळ्यांपुढून वांग्याचं भरीत गेलं.

"बोला न," मावशी म्हणाल्या.

"सारखं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की म्हाताऱ्याने कानाला हात लावला. "सारखंच! एकाच पट्ट्यावर आहे ना सगळं!"

आणि तेच ते वाक्य होतं. भूपट्ट सरकतो तो अख्खा, एकसंध. त्यावरची गावं, शेतं, झाडं एकमेकांपासून तसूभरही दूर जात नाहीत. काय मोडतोड व्हायची ती मुख्यतः त्याच्या काठाला. कागदावर मी त्याखाली रेघही मारली होती. बुडत्या पापडाच्या नादात नेमकं तेच राहिलं होतं.

"मंग हा गोटा?" मावशी आता काकाजींकडे वळल्या. "सगळं सरकलं अन् गोटा मागं राह्यला? गोटा काय हवेत लटकून होता का भाऊ?"

कोणीतरी फस्सकन हसलं.

"दारव्ह्याच्या जीपमधी मी या सीटवर बसली, तुमी त्या सीटवर बसले. जीप निघाली अन् दारव्ह्याले पोचली. मी उतरतानी तुमच्या मांडीवर काहून राहीन?"

"काळीपिवळीत राहते बाप्पा कधी कधी," एक म्हातारा म्हणाला, आणि मग कोणालाच हसू आवरेना. सरपंचबाईंनी तोंडाला पदर लावला.

काकाजीही हसले. हे त्यांचं मोठेपण म्हणा किंवा हुशारी म्हणा. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि म्हणाले, "हे मास्तरनं त्याच दिवशी सांगतलं असतं तं मी एवढा जड गोटा कायले उचलला असता? माही कंबर गेली त्याच्यात."

"बराबर," मीठवाला म्हातारा म्हणाला. "चूक मास्तरची हाय."

"मास्तरचीच," सगळ्यांनी मान डोलावली. मावशींनीसुद्धा. एका क्षणात चाळीस वर्षांचे शेजारी पुन्हा एका पट्ट्यावर आले आणि मी एकटा समुद्रात राहिलो. सरपंचबाईंनी निकाल दिला, की गोटा जुन्या जागी जाईल, आणि तो मास्तर नेतील, म्हणजे ध्यानात राहील.

सगळे माझ्या मागून वावरात आले, जणू वरात. गोटा दीडेक हात लांब, अर्धा जमिनीत. तोही त्याच लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तेवढ्या वर्षांचं वजन त्याच्यात होतं. मी तो उकरला, कवेत धरला आणि दक्षिणेला निघालो. एक तास. दोन तासं. काकाजी सोबत चालत म्हणत होते, "सांभाळून मास्तर, वर्षाले तीन बोटं चाला, घाई नाही." तिसऱ्या तासाला मी गोटा गुडघ्यावर टेकवून दम घेतला. चौथ्या तासाला, जुन्या खड्ड्यापाशी, मी गोटा ठेवला आणि माझा अंगठा काढायचा विसरलो.

नख आधी निळं झालं, मग काळं, मग गेलं. नवं यायला पुढचे पाचसहा महिने लागले. भारत नखाच्या वेगाने सरकतो हे मी तोपर्यंत नुसतं पुस्तकातून शिकवायचो. त्या वर्षी रोज सकाळी अंगठ्याकडे बघून मला कळायचं, देश कालपासून किती पुढे गेला. फार जात नव्हता. मिरगात पेरणी झाली, पोळ्याला काकाजींनी मावशींच्या बैलाला पुरणपोळी चारली, आणि नखाची कड तेव्हा कुठे अर्ध्यावर आली होती. काकूंनी मला जेवू घालणं एक दिवसही थांबवलं नाही. माझी भीती तेवढी फुकट गेली.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. मी धुऱ्यावर बसून अंगठा तोंडात धरला होता. माणसं पांगली होती. मावशींनी माती लोटून गोट्याचं बूड पक्कं केलं, पायाने दाबलं, आणि लुगड्याच्या जुन्या चिंधीने माझा अंगठा बांधायला बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. बोट कसं आहे वगैरे. मी म्हणालो, "जाऊ द्या मावशी. गोटा जागेवर आला ना, झालं."

मावशींनी गाठ करकचून आवळली.

"गोटा तं मी एकटीनं बी आणला असता, मास्तर. तुमाले सरकारनं फक्त बोलाले ठेवलं हाय, अन् तुमाले तेवढंच येत नाही."